आमची वाटचाल : चुलीवरच्या धोंडसापासून

तळकोकणात गणेशचतुर्थीला मोदकांचे कौतुक घरोघरी होते. आमच्याकडे त्यांच्या जोडीला, गौरी येण्याच्या आदल्या रात्री, चुलीवर धोंडस लावण्याची रीत सासूबाईंच्याही सासूबाईंपासून चालत आली आहे, आणि कुडाळ तालुक्यातील आमचा लहानसा गृहउद्योग याच रीतीतून उभा राहिला.

शहरांत आता धोंडसाला काकडीचा केक म्हणतात, मात्र त्यात मैदा, अंडी, सोडा यांपैकी काहीच नसते. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर वाढून पिवळे पडलेले जून तवसे, म्हणजे मोठी गावठी काकडी, किसायचे, त्याला सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा भिजवायचा आणि गूळ, ओले खोबरे, वेलची, चिमूटभर हळद व मीठ घालून मिश्रण घट्ट होईपर्यंत ढवळायचे. आम्ही एक किलो किसाला साधारण अर्धा किलो रवा घेतो. सासूबाई मात्र मिश्रणात उलथणे उभे राहते का, एवढेच पाहतात, आणि तवशातले पाणी दरवेळी कमीजास्त असल्यामुळे त्यांचेच माप अधिक भरवशाचे ठरते. किसण्यापूर्वी प्रत्येक तवसे देठाकडून चाखावे लागते. एक कडू निघाले तरी अख्खे पातेले वाया जाते, म्हणून हे काम आजही आम्ही कोणावर सोपवत नाही.

पुढची करामत विस्तवाची. जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावून तळाशी हळदीचे पान घालायचे, मिश्रण ओतून वर लोखंडी तवा झाकायचा आणि त्यावर करवंट्यांचे व सोडणांचे (नारळाच्या सालींचे) निखारे ठेवायचे. खालची धग मंद आणि वरची थोडी अधिक असली, म्हणजे माथा खरपूस तांबूस होतो आणि आतला भाग मऊ, ओलसर राहतो. रात्रभर ते पातेले वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या चुलीवर, निवत ठेवायचे. गरम असताना सुरी लावली तर धोंडस मोडते.

गणपतीला गावी आलेले चाकरमानी परत जाताना डबा भरून धोंडस नेत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यानंतर ही ये-जा वाढली, डबे वाढले, आणि आमच्या नातेवाइकांच्या मुंबईतील शेजाऱ्यांकडून पैसे देऊन मागणी येऊ लागली. घरच्या पदार्थाचे पैसे कसे घ्यायचे, हा संकोच सासूबाईंना बराच काळ होता. त्यावर त्यांनीच तोडगा काढला: नैवेद्याचे पातेले वेगळे, विक्रीचे वेगळे. हा नियम आम्ही अजून पाळतो.

पुढे विक्री रीतसर करायची ठरवल्यावर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी केली. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असल्यामुळे मोठ्या परवान्याची गरज पडली नाही. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तिच्यातील ३५ टक्के अनुदानाचा आधार घेऊन आम्ही कर्जावर डेक ओव्हन बसवला. वरची आणि खालची आच वेगवेगळी राखता येते, एवढ्याचसाठी तो निवडला. धुराचा वास त्यात येत नाही आणि आम्ही तो कृत्रिम रीतीने आणतही नाही. जुन्या गिऱ्हाइकांना तो फरक कळतो, त्यांच्यासाठी चुलीवरची मोजकी पातेली सणात लावली जातात.

बारा महिने धोंडस का करत नाही, असे दुकानदार नेहमी विचारतात. बाजारातील कोवळ्या काकडीला तो स्वाद नाही आणि ती कमी टिकते, एवढे उत्तर आम्हाला पुरेसे वाटते. वाशाला टांगलेली जून तवशी दिवाळीच्या पुढेही काही काळ चांगली राहतात, तोवर आमचे काम चालते; ती संपली की मागणी कितीही असली तरी आम्ही नवी नोंदणी थांबवतो.

तवशी आता परसात पुरत नाहीत, म्हणून वाडीतील बायकांकडून वजनावर घेतो. चवीला उत्तम निघालेल्या फळांच्या बिया राखेत घोळवून वाळवतो आणि मृगाच्या आधी त्याच घरांना लावणीसाठी देतो. गेल्या हंगामापासून शेजारच्या वाडीतील काही घरांनीही बियाणे मागितले आहे, तेव्हा पुढील चतुर्थीला आणखी एक ओव्हन लागेल की काय, याचा हिशेब सध्या आमच्या घरात सुरू आहे.