पोरगी म्हणे 'व्हिज्युअल लर्नर' आहे

आज संध्याकाळी लालबागला ताईकडे गेलेले, तर भाचीच्या क्लासमधून रिपोर्ट आलेला की ही व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघूनच शिकणारी, हिला नुसतं ऐकून कळत नाही, आणि ताई तो कागद हातात धरून टेन्शनमध्ये. मला खरंच राग आला. सातवीतल्या पोरीवर असा शिक्का मारायचा? २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तर मुलाच्या शिकण्याच्या स्टाइलप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा त्यांना सापडलाच नाही. आवड वेगवेगळी असते, मान्य, पण नकाशा बघावाच लागतो आणि कविता ऐकली तर जास्त पोचते, ते विषयावर ठरतं ना.

आणि मेंदू बदलत राहतो हो. लंडनचे टॅक्सीवाले शहरातले हजारो रस्ते पाठ करतात, २०११ च्या अभ्यासात त्याची परीक्षा पास झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूत आठवणी आणि रस्ते सांभाळणाऱ्या जागेचा, मागचा भाग वाढलेला दिसला, आणि ही चांगली मोठी माणसं!

मग भाचीला पुस्तक मिटायला लावलं, म्हटलं पचनसंस्था आजीला समजावून सांग. जठरापर्यंत आली आणि अडली, आजी म्हणते "मग पुढं गेलं कुठं गं जेवण?", तशी पटकन पान उघडून बघितलं आणि अख्खं सांगितलं, हातवारे करून. असं स्वतः आठवून काढलेलं जास्त टिकतं, याला मात्र भरपूर पुरावा आहे. ताईला म्हटलं, तो कागद तिच्यासमोर परत वाचू नकोस, आणि क्लासवाल्यांना विचार टेस्ट कुठली घेतली ते.