ड्यूटीचा टॉर्च: लुमेनचा आकडा शेवटी बघा

पोलिसाच्या कमरेच्या टॉर्चला घरातल्या टॉर्चसारखं सुखाचं आयुष्य नसतं. तो गाडीच्या दारावर आपटतो, पावसात भिजतो, उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहतो आणि एकाच पाळीत असंख्य वेळा लावला-विझवला जातो. तरी विकत घेताना पहिला प्रश्न ठरलेला: किती लुमेनचा, म्हणजे एकूण उजेड किती? आणि दुसरा, नळी किती जाड? दोन्ही प्रश्नांनी टिकाऊपणाबद्दल फारसं काही कळत नाही. ॲल्युमिनियमची नळी सहसा मोडत नाही. जातं ते बटण, सैल पडते ती स्प्रिंग, घाण होतात ते आटे आणि पाणी शिरतं ते चार्जिंगच्या भोकातून. म्हणून निवड या सांध्यांपासून सुरू करावी.

सगळ्यात आधी मागचं बटण. यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स असे दोन प्रकार येतात आणि हातात घेतल्यावर दोन्ही सारखेच वाटतात. फॉरवर्ड बटण अर्धवट दाबलं की उजेड पडतो, अंगठा उचलला की अंधार. पूर्ण दाबून ‘खट्’ वाजलं की टॉर्च लागलेला राहतो. रिव्हर्स बटण आधी पूर्ण दाबून सोडावं लागतं, तेव्हा कुठे उजेड पडतो. ड्यूटीसाठी फॉरवर्डच घ्या. क्षणभर उजेड टाकून बघायचं आणि लगेच अंधारात जागा बदलायची, हे रिव्हर्स बटणावर जमत नाही. हातमोजे घालून, टॉर्च उलट्या मुठीत धरून अंगठ्याने दाबून बघा. बटण कडेच्या आत फार खोल असेल तर मोज्याचा अंगठा तिथवर पोचत नाही, आणि फार वर आलेलं असेल तर टॉर्च बसता-उठता आपोआप लागतो.

पहिल्या दाबाला पूर्ण उजेडच पडला पाहिजे. शेवटचा मोड लक्षात ठेवणारा टॉर्च कागद वाचायला ठीक असतो, पण काल रात्री मंद उजेडावर बंद केलेला तो आज अंधाऱ्या जिन्यावर मंदच लागेल. स्ट्रोब (वेगाने लुकलुकणारा झोत) हवा असेल तर त्याला वेगळं बटण हवं. बारीक, मध्यम, मोठा, स्ट्रोब असं एकाच बटणावर फिरवत नेणारा टॉर्च, बाकी कितीही चांगला असला तरी, मी या कामासाठी बाद करीन.

फक्त बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या टॉर्चची आणखी एक गोष्ट माहीत असावी. बटण दाबलं जाण्याची वाट बघत त्याचं सर्किट सतत थोडा करंट खात असतं. पडून राहिलेला टॉर्च महिन्यांनी रिकामा निघतो, तो बहुतेक वेळा यामुळे. यांत्रिक मागच्या बटणात हा प्रश्न नाही, कारण तिथे सर्किट खरोखरच तुटलेलं असतं. आट्यांवर ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा, वीज न वाहणारा थर) असेल तर मागची टोपी पाव फेरा सैल केली की वीज तुटते आणि टॉर्च बॅगेत चुकून लागत नाही. घेताना हे करूनच बघा: पाव फेरा ढिला करा, बटण दाबा, लागला नाही पाहिजे.

आता स्प्रिंग. सेलच्या एका टोकाला स्प्रिंग आणि दुसऱ्या टोकाला नुसतं पितळी बटण असेल, तर टॉर्च स्प्रिंगच्या टोकावर पडताना सेल स्वतःच्या वजनाने सरकतो आणि संपर्क क्षणभर तुटतो. तेवढ्याने आतली चिप नव्याने सुरू होते; टॉर्च विझतो तरी किंवा मोड बदलतो. दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला घ्यावा. तपासणी सोपी आहे: टॉर्च लावून त्याचं डोकं आणि मग शेपूट तळहातावर जोरात आपटा. उजेड एकदाही लुकलुकला तर परत करा.

टॉर्चचे आकडे मोजण्याचं ‘एफएल१’ नावाचं मानक २००९ मध्ये आलं आणि पुढे सुधारलं गेलं. त्यातली पडण्याची चाचणी किमान १ मीटरवरून काँक्रीटवर होते. ही कमरेची उंची झाली. हात वर करून धरलेला टॉर्च सुटला तर तो दीड मीटरवरून पडतो. म्हणून दीड ते दोन मीटरचा दावा बघा. पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा ‘आयपी’ आकड्यात देतात. पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे आणि आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. इथला ‘एक्स’ सांगतो की धुळीची चाचणी या आकड्यात धरलेली नाही. धुळीच्या रस्त्यावर काम असेल तर आयपी६७ किंवा आयपी६८ शोधा. चार्जिंगच्या भोकावर रबराची झापडी असेल तर पाण्याचा दावा बहुधा झापडी नीट बसलेली असतानाचाच असतो, आणि ती झापडीच सगळ्यात आधी फाटते. भोक टोपीच्या आत, आट्यांखाली लपलेलं असेल तर उत्तम. पुढेमागे सरकवून झूम होणारे टॉर्च पंपासारखी हवा आत-बाहेर करतात, हवेबरोबर ओलावा येतो, ते नकोतच.

आता लुमेन. हा एकूण उजेड झाला. तो किती लांब जाईल हे कँडेला सांगतं. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, की पेटीवरचं मीटरमधलं अंतर मिळतं. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४००. पण त्या अंतरावर पोचतो तो पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्यात कोणीतरी उभं आहे एवढं कळेल, हातात काय आहे ते कळणार नाही. छापलेल्या अंतराचा तिसरा हिस्सा कामाचा धरावा. तिथे उजेड नऊपट असतो. गडद काचेच्या गाडीत डोकवायचं तर लुमेनपेक्षा कँडेलाच कामी येतं. उलट पांढऱ्या भिंतींच्या छोट्या खोलीत फार तीव्र झोत भिंतीवरून आपल्याच डोळ्यांत येतो, आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात. माझ्या मते ८०० ते १,२०० लुमेन आणि १५,००० ते ३०,००० कँडेला, भोवती थोडा पसरट उजेड, हा मेळ बहुतेक गस्तीला पुरतो.

पेटीवरच्या वेळेत मोठी गोम आहे. एफएल१ प्रमाणे ‘चालण्याची वेळ’ मोजतात ती उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे १,००० लुमेनचा टॉर्च दोन मिनिटांत २०० वर उतरून तिथेच सात तास रेंगाळला, तरी पेटीवर ‘१,००० लुमेन, ७ तास’ छापता येतं. खरं-खोटं करायला साधा हिशेब पुरतो. १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ३,५०० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) चा असेल तर त्यात सुमारे १२.६ वॉट-तास ऊर्जा असते. ५,००० एमएएचच्या, त्याहून मोठ्या २१७०० सेलमध्ये १८. सगळे तोटे धरून १०० लुमेनला ढोबळ एक वॉट लागतो असं धरा. मग ५०० लुमेनवर पहिला अडीच तास चालेल आणि दुसरा साडेतीन. याच्या दुप्पट-तिप्पट दावा दिसला की उजेड मध्येच उतरतो हे समजा. ३,००० लुमेनचं ‘टर्बो’ (सगळ्यात तीव्र उजेडाचा मोड) तर मुठीएवढ्या धातूला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही म्हणूनच एक-दोन मिनिटांत खाली येतं. तेव्हा वेळेप्रमाणे उजेड कसा उतरतो याचा आलेख छापणाऱ्या कंपनीचा टॉर्च घ्या, आणि आलेखात अर्ध्या तासानंतर किती लुमेन उरतात तेवढंच वाचा.

सेल कुठेही मिळणारा, सुटा बदलता येणारा हवा. धन आणि ऋण टोकं एकाच बाजूला असलेला खास सेल मागवेपर्यंत टॉर्च कपाटात पडून राहतो. ‘९,९०० एमएएच’ लिहिलेला १८६५० सेल खोटा आहे, तपासायची गरजच नाही. इतर सेलबद्दल शंका असेल तर काट्यावर ठेवा: खरा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट बराच हलका लागतो. संरक्षक सर्किट असलेला सेल तीन-चार मिलिमीटर लांब असतो, तो नळीत बसतो ना हे आधी बघा. अल्कलाइन सेल ड्यूटीच्या टॉर्चमध्ये नको. तो गळला की आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड संपर्क खातो आणि सेल नळीतच अडकतो. राखीव म्हणून ३ व्होल्टचे सीआर१२३ए लिथियम सेल (एकदाच वापरायचे) चांगले, न वापरता ठेवले तर दहा वर्षं टिकतात. मात्र दोन लागत असतील तर जोडी एकाच पाकिटातली असावी. एक जुना, एक नवा टाकला तर कमजोर सेल उलटा चार्ज होऊन फुटू शकतो. आणि एका १८६५० च्या जागी दोन सीआर१२३ए घातले की व्होल्टेज ४.२ वरून ६ वर जातं. कंपनीने चालतं म्हटलं असेल तरच घाला.

यूएसबी-सीचं भोक असलेले काही स्वस्त टॉर्च दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, कारण पैसे वाचवायला त्यातले दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात. चार्जरच्या बाजूला जुनी रुंद पिन असलेली केबल लावली की चालतात. गोठणबिंदूच्या खाली लिथियम-आयन सेल चार्ज करू नये, आणि उन्हातल्या बंद गाडीत टॉर्च ठेवू नये.

आकाराबद्दल थोडक्यात: १३ ते १५ सेंटिमीटर लांब, मुठीत २५ मिलिमीटर जाड. दंडुक्यासारख्या लांब टॉर्चचा काळ गेला. २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका पोलिसाने पकडलेल्या माणसाला टॉर्चने मारल्याचं कॅमेऱ्यात आलं आणि २००७ मध्ये तिथल्या खात्याने छोटा, हलका टॉर्च आणला. तोंडाला दातेरी कड असलेले टॉर्च गणवेश फाडतात, बाकी फारसं काही करत नाहीत. मनगटाची दोरी झटापटीत ताण बसताच सुटणारी असावी.

देखभाल महिन्यातून एकदा पुरते. आटे आणि नळीची उघडी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर मात्र ते ग्रीस तिला फुगवतं, तेव्हा कंपनी सांगेल तेच लावा. टॉर्च लुकलुकायला लागला तर आधी आटे पुसा, मग मागच्या टोपीतली पितळी चकती बघा. ती धक्क्यांनी सैल होते आणि टोकदार पकडीने तिच्या दोन भोकांत धरून घट्ट करता येते. तरी लागत नसेल तर टोपी काढा आणि सेलचं ऋण टोक नळीच्या उघड्या कडेला तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. उजेड पडला तर बटण गेलं, नवी टोपी मागवा. नाही पडला तर दुसरा भरलेला सेल घालून बघा, आणि तरीही अंधारच असेल तर बिघाड डोक्यात आहे. ते उघडायच्या फंदात पडू नका. चांगल्या टॉर्चचं सर्किट अनेकदा इपॉक्सीत (कडक होणाऱ्या गोंदात) गाडलेलं असतं, सरळ वॉरंटीत पाठवा.