लग्नाचा आणि व्यक्तिचित्रांचा अल्बम: सॉफ्टवेअरची निवड कुठवर आली

सध्या दोन अल्बम हातात आहेत. एक मावसबहिणीच्या लग्नाचा, आणि दुसरा आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त केलेल्या व्यक्तिचित्रांचा. फोटोंची निवड बरीचशी झाली असून जुळणी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करायची हा प्रश्न आता सुटला आहे. तो कसा सुटला, एवढेच या नोंदीत मांडतो.

सॉफ्टवेअरमधल्या सोयींच्या याद्या वाचण्याआधी अल्बम छापणाऱ्या लॅबला काय हवे आहे ते विचारून घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचे रूढ माप म्हणजे उघडलेली शीट १२ × ३६ इंच, म्हणजेच समोरासमोरची दोन पाने प्रत्येकी १२ × १८ इंचांची. माझ्या लॅबला प्रत्येक शीट ३०० डीपीआयची (म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल), एसआरजीबी ही प्रचलित रंगव्यवस्था असलेली आणि सारे थर एकत्र केलेली सपाट जेपीईजी फाइल म्हणून हवी असते. याचा अर्थ १०,८०० × ३,६०० पिक्सेल. या एकाच अटीने लाइटरूम क्लासिक या फोटो-संस्करणाच्या सॉफ्टवेअरमधला बुक विभाग बाद झाला. फोटो तिथेच संस्कारित होत असल्याने अल्बमही तिथेच व्हावा असे फार वाटत होते. परंतु त्यातली मापे ठरावीक आहेत, आडव्या पानाचे सर्वांत मोठे माप १३ × ११ इंच आहे, आणि १२ × ३६ची शीट त्यात बसत नाही.

फोटोशॉप आणि त्याच्या पीएसडी फाइलमधली तयार टेम्प्लेट हा सर्वांच्या परिचयाचा मार्ग आहे, आणि एकेका शीटवर बारकाईने काम करायचे असेल तर तो आजही उत्तम आहे. मात्र लग्नाच्या अल्बमचे खरे कष्ट सजावटीत नसून क्रम लावण्यात असतात. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टके, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या प्रत्येक विधीला किती पाने द्यायची, कोणता फोटो मोठा घ्यायचा, आणि आत्याने सुचवलेला एक फोटो मध्येच घातला की पुढच्या शीटचे काय करायचे, हे शेवटपर्यंत बदलत राहते. फोटोशॉपमध्ये प्रत्येक शीट ही स्वतंत्र फाइल असते. एकच थर धरला तरी ती उघडताच सुमारे ११७ एमबी स्मृती व्यापते, आणि दोन शीटमधल्या फोटोंची अदलाबदल करायची झाली तर दोन्ही फाइली उघडून मास्क (फोटोचा नको असलेला भाग झाकणारे आकार) पुन्हा जुळवावे लागतात. शिवाय टेम्प्लेटमधली चौकट आधी ठरलेली असते आणि फोटो तिच्या मापाने कापला जातो. फोटोग्राफरने विचारपूर्वक राखलेली मोकळी जागा त्यात नाहीशी होते, आणि हे मला मान्य नाही.

म्हणून केवळ अल्बमसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरकडे वळलो. स्मार्टअल्बम्स आणि फंडी डिझायनर ही दोन्ही पडताळली. लग्नाच्या कामासाठी स्मार्टअल्बम्स नक्की केले. त्यात लॅबच्या मापाची शीट एकदा ठरवून घेतली की निवडलेले फोटो शीटवर ओढून टाकायचे, आणि त्यांच्या आडव्या-उभ्या आकारांनुसार मांडणीचे पर्याय समोर येतात. एक फोटो दुसऱ्यावर ओढला की त्यांच्या जागा बदलतात. सगळ्या शीट एकाच नजरेत दिसत असल्याने हळदीला पाने जास्त झाली आणि सप्तपदी आखडली, हे लगेच लक्षात येते.

शीटच्या मध्यावरची घडी हा भाग मात्र कोणतेही सॉफ्टवेअर आपल्यासाठी सोडवत नाही. अंतरपाटाचा फोटो पूर्ण शीटभर घेतला तर घडी नेमकी अंतरपाटाच्या कापडावर येते, आणि वधू एका पानावर, वर दुसऱ्या पानावर अशी फार सुंदर विभागणी होते. उलट नातेवाइकांच्या समूहचित्रात जोडपे मधोमध उभे असते आणि घडी थेट नवरीच्या चेहऱ्यावरून जाते; असे फोटो मी एकाच पानावर घेतो. शीटभर फोटोचे गणितही करून पाहावे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६,००० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे ३६ इंचांवर तो सुमारे १६७ डीपीआयच भरतो. मूळ फोटो सुस्पष्ट असेल तर हे चालून जाते. मंद प्रकाशात, जास्त आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून) टिपलेल्या वरातीच्या फोटोला मात्र मी तेवढी जागा देत नाही. शीटचे प्रमाण ३:१ असल्याने ३:२च्या फोटोची अर्धी उंची कापली जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मजकुरासाठी वेगळी व्यवस्था केली आहे. मांडणी पक्की झाल्यावर स्मार्टअल्बम्समधून थर राखलेली पीएसडी फाइल काढायची आणि देवनागरी मजकूर फोटोशॉपमध्ये बसवायचा. चाचणीसाठी मी ‘वऱ्हाडी मंडळी, मुंडावळ्या आणि चि. सौ. कां.’ अशी ओळ वापरतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत दक्षिण आशियाई लिपींची मांडणी चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. ‘ऱ्ह’ नीट उमटला की बाकीचे सहसा नीटच उमटते. टंक म्हणून नावांसाठी तिरो देवनागरी मराठी घेतला आहे, कारण त्यात ल आणि श यांची मराठी वळणे आहेत. बारीक मजकुराला ‘मुक्त’ (Mukta) हा टंक पुरेसा आहे. दोन्ही मोफत वापरता येतात.

आजोबांच्या अल्बमची गरज अगदी निराळी आहे. प्रत्येक पानावर एकच फोटो, भोवती भरपूर पांढरी जागा, आणि खाली एखादी ओळ. अशा कामात मांडणी सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरचा काहीच उपयोग नाही. तिथे मोजपट्टी, मार्गरेषा आणि सर्व पानांना लागू होणारे मूळ पान लागते. हे सारे स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते मुक्त आणि विनामूल्य असून १.६ आवृत्तीत देवनागरी मजकूर व्यवस्थित जुळतो. फोटो फाइलमध्ये न भरता केवळ जोडलेले राहतात, त्यामुळे फाइल हलकी राहते. मात्र फोटोंचा फोल्डर जागेवरून हलवू नये. पान हव्या त्या डीपीआयने चित्ररूपात काढता येते, त्यामुळे लॅबचीही अडचण होत नाही.

रंगांची चाचणी अजून बाकी आहे. हळदीने माखलेल्या गालांवर पिवळा रंग इतका गडद होतो की छपाईत त्वचेचे बारकावे बुजण्याची भीती असते, आणि पैठणीच्या राणी रंगाचेही तसेच आहे. म्हणून हळदीची एक आणि पैठणीची एक अशा दोन शीट आधी छापून मागवणार आहे. कव्हरच्या कण्याची जाडी शीटच्या संख्येवर अवलंबून असल्याने लॅबकडून ते माप मिळेपर्यंत कव्हरला हात लावलेला नाही.