प्रादेशिक अंतिम सामन्याचा अंदाज: आयोवातल्या मुलींच्या बास्केटबॉलची यंदाची नोंद

मंडळी, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मुलींच्या शालेय बास्केटबॉलची बाद फेरी रंगात आली आहे. यंदा अंदाजाची पद्धत बरीच बदलली, म्हणून प्रादेशिक अंतिम सामन्याआधीच ही नोंद टाकते आहे. निकाल लागल्यावर हिशेब मांडणं सोपं असतं. आधी मांडला तरच तो तपासता येतो.

ज्या सामन्याचा अंदाज बांधते आहे त्यातल्या एका संघाला ‘नदीकाठ’ म्हणते, दुसऱ्याला ‘टेकडी’. शाळांची आणि मुलींची खरी नावं लिहिणार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आहेत, त्यांच्या खेळाचे आकडे पुरेत. आणि हे सगळं पैज लावण्यासाठी नाही, हेही पुन्हा एकदा सांगते.

आयोवाच का, असं नव्या मंडळींनी विचारलं होतं. या राज्यात मुलींच्या शालेय खेळांसाठी वेगळी संघटना आहे आणि मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून चालू आहे. त्यामुळे लहानशा गावातही मुलींच्या सामन्याला जिम भरतं. आकडे नीट ठेवण्याची सवय त्यातूनच आली असावी. आता तर जवळपास प्रत्येक संघाचे शॉट्स, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं) ‘बाउंड’ या संकेतस्थळावर बघायला मिळतात. शाळा पटसंख्येनुसार १ए ते ५ए अशा पाच वर्गांत विभागलेल्या आहेत. प्रत्येक वर्गातून आठ संघ डी मॉइनला राज्य स्पर्धेसाठी जातात. तिथे पोचण्यासाठी प्रादेशिक फेऱ्या जिंकाव्या लागतात, आणि एकदा हरलं की हंगाम संपला.

इतिहास मोठा असला तरी जुने आकडे माझ्या कामाचे नाहीत. १९९३ पर्यंत इथे सहा-सहा मुलींचा खेळ होता: तीन आक्रमणाला, तीन बचावाला, मधली रेषा कुणी ओलांडायची नाही, आणि दोनच ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं). १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटनने एव्हर्लीला जादा वेळेत ११३-१०७ असं हरवलं. डेनिस लाँगचे ६४ गुण आणि हरलेल्या संघाच्या जीनेट ओल्सनचे ७६. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो, पण आजच्या खेळाच्या गणितात ते बसत नाही.

अगदी अलीकडचे आकडेसुद्धा सरसकट एकत्र करता येत नाहीत. २०२२-२३ पासून इथे ३५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारावाच लागतो. त्याआधी आघाडीवरचा संघ चेंडू हातात ठेवून वेळ काढू शकायचा आणि दुबळा संघही मुद्दाम खेळ संथ करायचा. चेंडूचे ताबे (चेंडू एका संघाकडे असण्याच्या पाळ्या) कमी झाले की नशिबाचा वाटा वाढतो. २०२३-२४ पासून फाउलचा नियमही बदलला. आता प्रत्येक क्वार्टरला सांघिक फाउल शून्यापासून मोजतात आणि पाचव्या फाउलला समोरच्या संघाला थेट दोन फ्री थ्रो (अडथळ्याविना शॉट) मिळतात. पूर्वी पहिला घातला तरच दुसरा मिळायचा.

आकडेमोडीच्या दृष्टीने हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. ताबे मोजायला आपण सगळे एकच सूत्र वापरतो: शॉट्स, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोचा काही भाग. एनबीए या व्यावसायिक लीगसाठी तो भाग ०.४४ धरतात. शालेय खेळात जुन्या नियमानुसार बरेच ताबे एकाच हुकलेल्या फ्री थ्रोवर संपत, म्हणून हा गुणक जास्त ठेवावा लागायचा. नव्या नियमाने तो खाली आणायला हवा. मी दोन काळांसाठी दोन गुणक केले आणि दोन्ही काळांतल्या संघांच्या वेगाची तुलना पहिल्यांदा पटण्यासारखी वाटली.

यंदा सर्वांत जास्त डोकं लावलं ते वेळापत्रकाच्या प्रश्नावर. नदीकाठचा संघ वीस-वीस गुणांनी जिंकत आला आहे. टेकडीचे विजय छोटे आहेत, आणि चार-पाच वेळा ते हरलेही आहेत. नुसती जय-पराजयाची यादी पाहणारा नदीकाठलाच कौल देईल. पण दोन्ही संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये (शाळांच्या ठरलेल्या गटांत) खेळतात आणि त्या दोन कॉन्फरन्सना जोडणारे सामने हंगामात मोजकेच होतात. प्रत्येक सामन्यातल्या फरकावरून सगळ्या संघांचे गुणांक (ताकदीचे आकडे) एकाच वेळी सोडवायचे, ही मॅसीची पद्धत मी वापरते. ती टिकते या दुव्याच्या सामन्यांवर. डिसेंबरमधला एखादा दुव्याचा सामना, तोही मुख्य खेळाडू आजारी असताना खेळलेला, अख्ख्या कॉन्फरन्सचा गुणांक वर-खाली करू शकतो. म्हणून आता असा प्रत्येक सामना वेगळा काढते आणि त्या दिवशी कोण खेळलं, कोण नाही, हे बघून त्याचं वजन ठरवते. वेळखाऊ काम आहे, पण माझ्या मते अंदाजाचा खरा कस इथेच लागतो.

मोठ्या विजयांवर मर्यादाही घातली आहे. या राज्यात दुसऱ्या सत्रात फरक ३५ वर गेला की घड्याळ थांबवत नाहीत, आणि त्याच्या बऱ्याच आधी बाकावरच्या मुली मैदानात आलेल्या असतात. ४० ने जिंकलेला संघ २५ ने जिंकलेल्या संघापेक्षा भारी आहे, असं त्यातून अजिबात सिद्ध होत नाही. २५ च्या पुढचं सगळं मी २५ च धरते.

आता टर्नओव्हर. बास्केटबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या डीन ऑलिव्हरच्या चार घटकांत नेमबाजीला ४० टक्के, टर्नओव्हरला २५, रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५ असं वजन आहे. ते व्यावसायिक खेळासाठी. मुलींच्या शालेय बाद फेरीत टर्नओव्हरचं वजन वाढवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. समजा एका ताब्यातून सरासरी ०.८ गुण मिळतात. पाच टर्नओव्हर जास्त झाले की चार गुण तिथेच गेले, शिवाय समोरच्यांना सोपे लेअप (बास्केटजवळचे शॉट) मिळाले ते वेगळेच. दमदार प्रेस (चेंडू नेणारीला मैदानभर अडवणारा बचाव) लावणाऱ्या संघाविरुद्ध जिच्या हातात चेंडू निर्धास्त सोपवावा अशी एकच मुलगी असेल, आणि तिला पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल लागले, तर बाकी सगळं गणित मागे पडतं. म्हणून एक नवा रकाना केला: चेंडू पुढे नेऊ शकणाऱ्या मुली किती. नदीकाठकडे एक आहे, टेकडीकडे तीन.

एकटी खेळाडू संघाला कुठवर नेते याचं उदाहरण याच राज्यात आहे. केटलिन क्लार्क शेवटच्या शालेय वर्षी डाउलिंग कॅथलिक शाळेकडून सामन्याला सरासरी ३३.४ गुण करत होती. संघाने १९ सामने जिंकले, ४ हरले, आणि प्रवास प्रादेशिक अंतिम सामन्यापर्यंतच झाला. जिचा खेळ पाहायला पुढे सगळा देश लोटला, तिचा संघ त्या वर्षी राज्य स्पर्धेत नव्हता. म्हणूनच ‘त्यांच्याकडे अमुक आहे, त्या जिंकणारच’ असं कुणी म्हटलं की मी आधी बाकावर कोण आहे ते बघते.

घरच्या मैदानाचा फायदा मी दोन-तीन गुणांच्या वर धरत नाही. त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

गुणांकातल्या फरकाची शक्यता कशी करते, हेही विचारलं होतं. समजा फरक ४ गुणांचा आणि प्रमाण विचलन (निकाल अंदाजापासून साधारण किती हलतो) १० गुणांचं, तर वरचढ संघाची शक्यता साधारण ६६ टक्के येते. फरक ८ असेल तर ७९. आणि ७९ टक्केवाला संघसुद्धा राज्य स्पर्धेतले तिन्ही सामने जिंकण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमीच, ४९ टक्के. अव्वल संघ हरला की ‘धक्कादायक निकाल’ असे मथळे येतात. मला त्यात धक्का बसण्यासारखं काही वाटत नाही.

अंदाजांचं मोजमाप ब्रायर गुणांनीच (सांगितलेली शक्यता आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग) चालू ठेवलं आहे. ७९ टक्के सांगितलं आणि तो संघ जिंकला तर दंड ०.०४४, हरला तर ०.६२४. अंदाज बरोबर की चूक एवढंच मोजलं तर ५१ टक्के आणि ९५ टक्के सांगणारे एकाच रांगेत बसतात. ते मला पटत नाही.

तर अंदाज. नुसत्या गुणांकांवर नदीकाठ थोडा पुढे आहे. दुव्याचे सामने तपासून, मोठ्या विजयांवर मर्यादा घालून आणि चेंडू नेणाऱ्या मुलींचा रकाना धरून पारडं टेकडीकडे झुकतं: टेकडी ५८ टक्के, नदीकाठ ४२. फरक कमी आहे आणि तो कमीच सांगायला हवा. टेकडीने सुरुवातीपासून पूर्ण मैदानावर प्रेस लावला तर मी ६० च्याही वर जाईन. नदीकाठच्या उंच सेंटरला पहिल्या पाच मिनिटांत बास्केटजवळ सहज पास मिळू लागले, तर प्रेस तुटतो आहे असं समजा आणि माझा आकडा खाली आणा.

सामना बघणाऱ्यांना एक विनंती. दोन्ही संघांचे पहिल्या सत्रातले टर्नओव्हर हाताने मोजा. त्यातले प्रेसमुळे झालेले किती आणि आपणहून चेंडू घालवलेले किती, हे वेगळं लिहा. अधिकृत आकड्यांत हा फरक कळत नाही, आणि पुढच्या फेरीच्या अंदाजाला मला तोच हवा आहे.