हद्द ऑक्टोबरची, पाणी मे महिन्यातलं

मराठवाड्याला समुद्र नाही. तरीही परवा एका धरणाच्या विश्रामगृहावर झालेल्या बैठकीत माझी सगळी भिस्त सागरी कायद्यावर होती. प्रकरण चालू आहे, त्यामुळे धरणाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. पण त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही.

पक्षकार म्हणजे भोई समाजाची मच्छीमार सहकारी संस्था. तलाव ठेक्यानं घ्यायचा, बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं सोडायची, रोहू-कटला वाढले की काढायचे, हा त्यांचा धंदा. त्यांना पत्र आलं की तरंगत्या सौर प्रकल्पासाठी जलाशयाचा अमुक भाग राखीव झाला आहे, तिथे जाळी लावू नयेत. सोबत अक्षांश-रेखांशांचा तक्ता आणि एका सल्लागार कंपनीचा अहवाल. त्या अहवालात ‘बाधित कुटुंबे’ या रकान्यात लिहिलं होतं ‘निरंक’.

असले अहवाल कचेरीत बसून लिहिले जातात, हे माझं स्पष्ट मत आहे. पण ‘निरंक’ लिहिणाऱ्याकडे कायदेशीर आधार होता, हे जास्त वाईट. कुणाची जमीन जात नव्हती. सातबारा नाही, म्हणजे बाधित नाही. सौर प्रकल्पाला 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही नाही. म्हणजे ज्या पाण्यावर ही घरं चालतात, त्या पाण्याबद्दल त्यांना विचारायची वेळ कायद्यात कुठेच येत नाही.

एलएलएमला मी समुद्रातल्या पवनऊर्जेचा विषय घेतला होता. तो अभ्यास इथे कामाला आला. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या तर चौकट ठरलेली आहे. 1976 चा सागरी क्षेत्रांचा कायदा, 2015 चं राष्ट्रीय धोरण, डिसेंबर 2023 चे भाडेपट्टा नियम. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी किनारा नियमन क्षेत्रात धरलं जातं आणि किनारा व्यवस्थापनाचा आराखडा करताना त्या पाण्यातली मासेमारीची ठिकाणं, माशांच्या विणीच्या जागा नकाशावर दाखवाव्या लागतात. भारतानं 1995 मध्ये स्वीकारलेल्या सागरी कायद्याच्या करारात तर त्याहून पुढची गोष्ट आहे. कलम 60 सांगतं की समुद्रातलं बांधकाम निकामी झाल्यावर काढून टाकतानासुद्धा मासेमारीचा विचार झाला पाहिजे. किनाऱ्यावर हे सगळं नीट पाळलं जातं असं नाही. कोकणातले कोळी त्याबद्दल खूप काही सांगतील. पण भांडायला त्यांच्या हातात एक नकाशा असतो. आमच्या धरणात तोही नाही.

म्हणून ठरवलं, नकाशा आपणच करायचा. आमच्या व्यवसायात आधी स्थगितीचा अर्ज टाकायचा आणि पुरावा नंतर शोधायचा, अशी पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही.

संस्थेच्या होडीतून निघालो. सोबत सत्तरीचे एक आबा. मी मोबाइलवर जीपीएस लावून बसले आणि ते जाळ्यांच्या जागा सांगत गेले. त्यांच्या सगळ्या खुणा पाण्याखालच्या. धरणात बुडालेल्या गावाची पांढरी, म्हणजे घरांची जागा, तिच्या उगवतीला पाटलाचा आड, मग जुना बैलगाडीचा रस्ता. आडाच्या दगडी कठड्यात तंगूस जाळं अडकून फाटतं, म्हणून त्याच्या भोवतीनं किती अंतर सोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. वर सगळीकडे सारखंच पाणी. एका ठिकाणी त्यांनी होडी थांबवली आणि दोरीला बांधलेला दगड खाली सोडला. दोरी संपली तरी दगड तळाला टेकला नाही.

“ताई, ह्यो ऐन डोह हाय. उन्हाळ्यात बाकीचं पाणी निघून जातंय, समदे मासे हितंच गोळा व्हतेत. चैत-वैशाखात आमचं घर ह्याच्यावरच चालतंय.”

तक्त्यातले बिंदू नकाशावर टाकले तेव्हा राखीव क्षेत्राचा चौकोन बरोबर त्या डोहावर बसला.

कागदावर तो चौकोन अगदी लहान दिसतो, कारण त्याची तुलना पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे काठोकाठ भरलेल्या जलाशयाशी केलेली आहे. आपल्याकडच्या धरणांचं पाणी दसऱ्यापासून जूनपर्यंत कसं मागे सरकतं, ते गाळपेर करणारा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारा कुठलाही शेतकरी सांगेल. समुद्राची भरती-ओहोटी रोज असते, म्हणून कायद्यानं भरतीरेषा वेगळी आखली, ओहोटीची रेषा वेगळी. धरणाला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी. तिथे मात्र कायद्याला फक्त भरती दिसते.

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची छायाचित्रं कुणालाही फुकट मिळतात, 10 मीटरपर्यंतच्या बारकाव्यानं. मागच्या वर्षांतल्या मे महिन्यांची चित्रं उतरवली, प्रत्येकातली पाण्याची कड आखली आणि वर तोच चौकोन ठेवला. ऑक्टोबरात कोपऱ्यातला तुकडा वाटणारा भाग दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यात उरलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा व्यापत होता. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडलं, दोन्ही भाग भरून, प्रत्येक फाइलच्या हॅश मूल्यासकट, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे पडताळायच्या सांकेतिक खुणेसकट. तज्ज्ञाच्या सहीचा दुसरा भाग पुष्कळ वकील विसरतात आणि चांगला पुरावा त्यापायी अडकतो. आमचा अडकणार नाही.

बैठकीत कंपनीच्या प्रतिनिधीनं सुरुवातीलाच जायकवाडी काढलं. नाथसागरावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या समितीनं केलेला अर्ज हरित लवादानं 2024 मध्ये फेटाळला आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही, हे खरंच आहे. मी म्हणाले, तिथे असा प्रकल्प होऊ द्यायचा का हा वाद होता. आमचा सौरऊर्जेला विरोधच नाही. प्रकल्प या पाण्यात नेमका कुठे बसवायचा, एवढंच आम्ही विचारतो. मग ऑक्टोबरच्या कागदावर मे महिन्याचा ट्रेसिंग पेपर ठेवून दाखवला.

उपअभियंता बराच वेळ वाकून पाहत होते. शेवटी म्हणाले, “बरोबर आहे. मेमध्ये एवढंच राहतं.” वरिष्ठ समोर बसलेले असताना असं बोलणारा अधिकारी क्वचित भेटतो. मत्स्य खात्याचे साहेब मात्र ठेक्याची रक्कम थोडी कमी करता येईल का, याच्या पुढे गेले नाहीत. ज्या खात्यानं या लोकांची बाजू मांडायची, ते पावतीच्या हिशेबात गुंतलेलं पाहून संताप आला.

खरी अडचण त्यानंतर समोर आली. चौकोन उथळ भागात सरकवा, असं आम्ही सुचवलं. कंपनीच्या अभियंत्यानं कुठलाही आव न आणता समजावलं की पाणी आटल्यावर तराफे चिखलावर टेकतात, वाकतात, केबल ताणल्या जातात. म्हणून बारमाही खोल पाणीच लागतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. विजेला जो डोह हवा तोच माशांनाही हवा. संस्थेचे सचिव तिथेच माझ्या कानाशी म्हणाले, “ताई, पोरांना तिथं नोकरी देत असतील तर बघा ना.” आबांनी ते ऐकलं. ते काही बोलले नाहीत, पण परतताना गाडीत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

माझा पक्षकार नेमका कोण, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. ठराव संस्थेचा असतो आणि तो सचिव करून देतील. पण डोहावर चैत्र-वैशाख काढणारी घरं त्या ठरावात कितपत असतील? नोकरी एका घरात एकाला मिळेल. जाळं विणणाऱ्या, मासळी बाजारात नेऊन विकणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्न त्या खोलीत कुणी काढला नाही. तिथे बाई मी एकटीच होते.

आता अर्जात दोन मागण्या ठेवल्या आहेत. तराफ्यांचे गट एकसंध न ठेवता मध्ये मोकळ्या वाटा सोडाव्यात. एक जाळं सरळ टाकायला किती लांबी लागते, ते आबांकडून मोजून घेऊन आकड्यासकट लिहिलं आहे. दुसरी मागणी संयुक्त मोजणीची. कार्यालयानं मोजणी पावसाळ्यानंतर करू असं कळवलं आहे, म्हणजे धरण पुन्हा काठोकाठ भरलेलं असताना. त्यावर हरकत लिहून तयार आहे. मोजणी मे महिन्यातच व्हावी, मच्छीमारांना होडीत बसवून व्हावी आणि पंचनाम्यावर सह्या फक्त पदाधिकाऱ्यांच्या नकोत, बायकांच्याही हव्यात, असं त्यात म्हटलं आहे. सोमवारी दाखल करते आहे.