फिरतं पाकीट

दुपारी डोळा लागत होता तेवढ्यात पोस्टमनने हाक मारली, "मॅडम, कॅनडाचं आहे." पोटात गोळाच आला. म्हणजे पुन्हा माझा नंबर लागला.

पाकीट जाडजूड, कडांना चिकटपट्टी. आत आठ जणींची पत्रं. रीत साधी आहे: पाकीट आलं की आपलं जुनं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि यादीतल्या पुढच्या बाईला पाठवायचं. एक फेरी व्हायला वर्ष लागतं. त्यातले अडीच महिने गेल्या खेपेला ते माझ्या फ्रिजवर होतं आणि मी खुशाल टपालावर ढकललं. व्हॉट्सॲपचा ग्रुपही आहे आमचा. पण तिथे फक्त वाढदिवस आणि बर्फ.

कॅनडातल्या वॉटरलूला मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत मी नऊ वर्षं होते. तिथे बाप्तिस्मा जाणतेपणीच घ्यायचा. 1525 साली झुरिकमध्ये यावरूनच तर ही माणसं वेगळी झाली. माझा नगरचा, आईच्या कडेवर असतानाचा. तो त्यांनी न बोलता चालवून घेतला. आता आमच्यातल्या तिघीच त्या मंडळीत उरल्यात, पाकीट मात्र फिरतंय.

पहिल्या रविवारी उपासनेनंतर तळघरात सूप होतं. शेजारच्या आजींनी माझं आडनाव विचारलं आणि बिचाऱ्या अडकल्याच. एरवी तिथे कुणी 'मार्टिन' म्हटलं की लगेच सुरू: कुठले मार्टिन? सेंट जेकब्सचे की एल्मायराचे? आजोळचं आडनाव काय? तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच. मला हसू फुटलं. नगरला माझी आजी देवळाच्या पायरीवर हेच करायची. राहुरीचे की शेवगावचे? आईकडचे कोण? माझं मात्र तिथे कुठूनच नातं निघेना. शेवटी आजी म्हणाल्या, "मग तू माझ्याजवळच बस." झालं, माझी जागा कायमची ठरली, खालच्या पट्टीतल्या बायकांत.

त्यांचं गाणं म्हणजे! ऑर्गन नाही, पेटी नाही, नुसते चार पट्ट्यांतले गळे. कुणीतरी "606" म्हणायचं आणि पुस्तक न उघडता सगळं देऊळ उभं राहायचं. हा 1969 च्या गीतपुस्तकातला एका स्तुतिगीताचा नंबर. 1992 च्या नव्या पुस्तकात ते गीत 118 वर गेलं, पण 118 म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. नगरचं नाव बदललं तरी आपण नगरच म्हणतो, तसंच.

तर, आधी माझं जुनं पत्र काढलं. हा या पाकिटाचा खरा जाच. सात मैत्रिणींची खुशाली मिळते आणि आठवी म्हणून आपण स्वतःच समोर येतो. मी लिहिलंय, 'पेटी शिकायला लागले आहे. गुडघा लवकरच दाखवून घेणार.' पेटी कपाटावर आहे. गुडघा आहे तिथेच आहे.

मग पाचव्या नंबरचं पत्र. टोमॅटोच्या बावीस बाटल्या भरून ठेवल्या, खारीने ट्युलिपचे कंद उकरले, जावयाला दाढी शोभत नाही. हेच पत्र मी गेल्या खेपेलाही वाचलं होतं.

लहानपणी कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की आजी ते घरात घेत नसे. आम्ही ख्रिस्ती, तरी. चष्मा मागवायची, उंबऱ्यावर उभ्याउभ्याच वाचायची, बारीक तुकडे करायची आणि हात धुऊन मगच आत यायची. ते कुणाबद्दलचं होतं हे आम्हाला तिच्या स्वयंपाकघरातल्या गुणगुणण्यावरून कळायचं.

पाचवी गेली त्याला दीड वर्ष झालं. रीतीप्रमाणे आपलं पत्र आपणच काढायचं असतं. ती काढणार कशी? आणि दुसरी कुणी काढत नाही. तिच्या घरचा पत्ता यादीतून कुणीतरी पेन्सिलने हलकेच खोडलाय, पत्र मात्र चौथीच्या आणि सहावीच्या मधे, जिथल्या तिथे. घड्या आता झिजल्यात. मीही तशीच घडी घालून ते परत ठेवलं.

सोमवारी पोस्टात टाकायचंच, असं ठरवलंय. कागद घेऊन बसलेही आहे. पेटीचं काय लिहावं?