चतुःसीमेच्या आत

तारण मालमत्ता कर्जदार आपणहून सोडत नाही, तेव्हा बँक 2002 च्या सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जाचे तारण दिवाणी दावा न लावता बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या) कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि प्रत्यक्ष ताबा घेऊन देण्याचे काम पुष्कळदा कोर्ट कमिशनर म्हणून एखाद्या वकिलाकडे येते. वकिलाला असे नेमता येते का, याबाबत उच्च न्यायालयांत एकमत नव्हते. एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये होकारार्थी निकाल दिला. मी सांगलीत वकिली करते. तासगाव तालुक्यातील एका बेदाणा शेडचा ताबा घेण्यासाठी माझी अशीच नेमणूक झाली होती. त्या दिवसाविषयी लिहायचे आहे. पक्षकारांची, गावाची आणि बँकेची नावे अर्थातच देत नाही.

कर्ज बेदाण्याच्या व्यापारासाठी काढलेले होते. दोन हंगाम भाव पडले, खाते थकले, एनपीए (अनुत्पादक) झाले. कलम 13(2) ची साठ दिवसांची मागणी नोटीस, त्यानंतर सांकेतिक, म्हणजे केवळ नोटिशीने घेतलेला ताबा, मग वर्तमानपत्रात ताबा नोटीस, हे सगळे टप्पे कागदोपत्री पार पडले होते. गहाणखत पूर्ण गटाचे, म्हणजे 1 हेक्टर 30 आर क्षेत्राचे होते. त्यापैकी 20 आर बिनशेती करून त्यावर शेड आणि एक पक्के गोदाम बांधलेले होते, आणि न्यायालयाच्या आदेशाच्या परिशिष्टात तेवढेच 20 आर चतुःसीमेसह लिहिलेले होते: पूर्वेस गावरस्ता, उत्तरेस ओढा, पश्चिमेस व दक्षिणेस याच गटातील उर्वरित क्षेत्र.

ते उर्वरित क्षेत्र म्हणजे उभी द्राक्षबाग होती. फेब्रुवारीचा शेवट असल्याने घडांत साखर भरली होती आणि शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पहिल्या तोडणीची द्राक्षे वाळत पडलेली होती.

बँकेचे प्राधिकृत अधिकारी कुलपे, फलक आणि पोलीस बंदोबस्त घेऊन वेळेवर आले होते. रस्त्याकडेच्या फाटकाशी थांबून ते म्हणाले, "मॅडम, गहाण पूर्ण गट आहे. फाटकालाच कुलूप लावू, म्हणजे पुन्हा यायला नको." त्यांच्या दृष्टीने हे सरळ होते. बागेत जायला दुसरी वाट नव्हती. फाटक बंद झाले की बाग आपोआप ताब्यात येणार होती. मी त्यांना सांगितले की माझा अधिकार गहाणखतातून येत नाही, आदेशातून येतो, आणि आदेशात 20 आर आहेत. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. कर्जदार आबा सत्तरीच्या पुढचे. ते पुढे येऊन म्हणाले, "मॅडम, शेड घ्या, त्येचं मला कायबी म्हणणं न्हाई. पर बाग कशी हो बँकंची?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते द्यायचा अधिकार मला नव्हता. कलम 31(i) प्रमाणे शेतजमिनीवरील तारणहक्काला सरफेसी कायदा लागूच होत नाही. मात्र एखादी जमीन शेतजमीन आहे की नाही हे कमिशनरने ठरवायचे नसते. कलम 14 खाली दंडाधिकारीसुद्धा ते ठरवत नाहीत, कारण त्यांचे काम निवाड्याचे नव्हे, केवळ कार्यवाहीचे मानले गेले आहे. ते ठरवायचे कर्जवसुली न्यायाधिकरणाने, तेही कर्जदाराने कलम 17 खाली 45 दिवसांत अर्ज केला तर. सांगलीच्या माणसाला त्यासाठी पुण्याला जावे लागते, दोनशे किलोमीटरहून अधिक. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा कलम 34 ने बंद केलेला आहे.

म्हणून मला जे करता येण्यासारखे होते ते मी नीट केले. बिनशेती आदेशासोबतचा मोजणी नकाशा बँकेच्या फाईलमध्ये होता. तो काढायला लावला. शेड आणि बाग यांच्यामध्ये भिंत नव्हती, कुंपणही नव्हते. पंच, पोलीस पाटील आणि दोन्ही बाजूंची माणसे घेऊन टेपने मोजत गेलो. दक्षिणेकडचा हद्दीचा दगड छाटणीच्या जुन्या काड्यांच्या ढिगाखाली सापडला. पश्चिमेकडे अडचण आली: शेवटच्या ओळीची झाडे रेषेबाहेर होती, पण मांडवाच्या टोकाचा अँगल आणि त्याच्या ताणाच्या तारा रेषेच्या आत, म्हणजे 20 आरमध्ये येत होत्या. तो ताण काढला असता तर घडांनी लगडलेली ती ओळ खाली बसली असती. अधिकाऱ्यांना ते दाखवल्यावर त्यांनीच तारांना हात न लावण्याचे कबूल केले आणि पंचनाम्यात तसे लिहून त्यावर सही केली. हे त्यांच्याविषयी आवर्जून सांगायला हवे. वरून दबाव असताना असे लिहून देणारा अधिकारी नेहमी भेटत नाही.

गोदाम मोकळे करून सील केले. शेडला सील लावायचे कुठे, हा प्रश्नच होता, कारण बेदाण्याची शेड चारही बाजूंनी उघडी असते. रॅकवरचा माल बँकेकडे तारण नव्हता आणि अर्धवट वाळलेला असल्याने हलवताही येत नव्हता. अखेर शेडवर ताब्याचा फलक लावला, मालाची यादी केली आणि बेदाणा तयार होऊन निघेपर्यंत त्याच्यापुरता सुपूर्तनामा बँकेच्या लेखी संमतीने आबांच्या मुलाच्या नावे केला. फाटक उघडे राहिले.

पंचनामा लांबला, आणि तो लांबू देणे मला आवश्यक वाटले. "लगत शेती" एवढे दोन शब्द लिहून काम भागले असते. मी लिहिले ते असे: रेषेपलीकडे लोखंडी अँगलचा मांडव, प्रत्येक ओळीला चालू स्थितीतील ठिबक, चालू हंगामात छाटलेल्या काड्या, मण्यांत पाणी उतरलेले घड, फवारणीच्या टाकीत त्याच दिवशी कालवलेले औषध. छायाचित्रे जोडली.

पुढे बँकेने उरलेल्या क्षेत्राच्या ताब्यासाठी नवा अर्ज केला आणि आबांनी पुण्यात कलम 17 खाली दाद मागितली. बँकेचा युक्तिवाद कमकुवत नव्हता. सातबाऱ्यावर शेती लिहिली आहे एवढ्याने भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ब्लू कोस्ट हॉटेल्स आणि के. पप्पीरेड्डियार या दोन्ही प्रकरणांत स्पष्ट केले आहे. जमिनीचा प्रत्यक्ष वापर पाहायचा असतो आणि, 2023 च्या के. श्रीधर निकालानुसार, तो सिद्ध करण्याची जबाबदारी कर्जदाराची असते. आबांकडे सातबारा आणि पीकपाहणीखेरीज फारसे काही नव्हते. त्यांच्या वकिलांनी माझ्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत दाखल केली.

कलम 14 च्या अर्जासोबत बँकेने जे प्रतिज्ञापत्र द्यायचे, त्यात नऊ बाबी आहेत: कर्जाची रक्कम, दावा कायद्याच्या मुदतीत असणे, थकबाकी, नोटीस, आक्षेपांना दिलेले उत्तर वगैरे. तारण जमीन शेतजमीन नाही, असे वेगळे विधान त्यात मागितलेले नाही. कायद्यातील तरतुदींचे पालन केले आहे या शेवटच्या सर्वसाधारण बाबीत ते सामावले आहे असे धरले जाते. द्राक्ष, ऊस आणि हळदीच्या आमच्या जिल्ह्यात हे पुरेसे नाही, असे माझे ठाम मत आहे. बिनशेती आदेश आणि मोजणी नकाशा अर्जासोबत जोडणे सक्तीचे केले, तर वाद फाटकाशी पोहोचण्याआधीच पुष्कळसा संपेल.

न्यायाधिकरणाने शेड आणि गोदामापुरती बँकेची कारवाई कायम ठेवली व बागेचे क्षेत्र तिच्यातून वगळले. याने कर्ज माफ झाले नाही, आणि होऊही नये. शेडच्या लिलावातून न भागलेल्या रकमेसाठी बँकेने 1993 च्या कर्जवसुली कायद्याखाली मूळ अर्ज दाखल केला आहे. 20 लाखांवरील बाकीसाठी तो मार्ग तिला खुलाच असतो आणि तेथे शेतजमिनीचा अपवाद असा नाही. फरक एवढाच की तिथे बँकेला आधी आपले येणे सिद्ध करावे लागते, व्याजाची आकारणी तपासली जाते आणि आबांचे म्हणणे वसुलीच्या आधी ऐकले जाते. त्या अर्जात त्यांनी लेखी म्हणणे दिले असून बागेच्या उत्पन्नातून हप्ते बांधून मिळावेत, असा तडजोडीचा प्रस्ताव बँकेच्या विचाराधीन आहे.